कांदेंगच्या हातचं अक्षर

डेन्सियोने जेवणाचं मोठं टेबल आडवं पाडलं, तेव्हा लुडीच्या हातातला पिठाचा टोप कलंडता कलंडता राहिला. टेबलाच्या पोटाशी दवाखान्यात वापरतात तसली पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईने, एकमेकांना न टेकणाऱ्या थोराड अक्षरांत लिहिलं होतं: डेन्सियो.

"बघा!" कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको, मनिलाहून आला आणि तियाचं, सख्ख्या आत्याचं, घर धुऊन नेलं. तियाच्या हातचं आहे हे. साठी उलटल्यावर अक्षरं शिकली म्हातारी, पण काय ठसठशीत काढलंय! कोर्टातसुद्धा चालेल."

"कोर्टात कशाला, आधी व्हॅनमध्ये न्या," त्याची बायको अमोर म्हणाली. "धरून धरून माझी कंबर मोडली."

लुडीने टोप चुलीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग ती टेबलाजवळ गेली आणि आतल्या पट्ट्यांवरून, कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवू लागली.

"काय चाचपतेस गं सारखी?" डेन्सियोने विचारलं.

"झुरळं, कुया. आत झुरळं असतात. व्हॅनभर होतील तुमच्या."

ती झुरळं शोधत नव्हती. ती कागद शोधत होती.

नानाय कांदेंगला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याच्या प्रार्थना रविवारी आटोपल्या आणि सोमवारपासून वाटणी सुरू झाली. कांदेंगने लग्न केलं नव्हतं. तिच्या मागे तिच्या भावाची दोन मुलं, डेन्सियो आणि नेनिता. लुडी तिची कुणीच नव्हती. लुडीची आई या घरात धुणं धुवायला यायची. एकदा सात वर्षांच्या लुडीला पायरीवर बसवून ती मनिलाला काम बघायला गेली, ती आलीच नाही. कांदेंगने पोरीला आत घेतलं आणि जेवायला वाढलं. त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. लुडी तिला नानाय, म्हणजे आई, म्हणू लागली, आणि भाचरांना कुया आणि आते, म्हणजे दादा आणि ताई. पण तसा कागद कुणी कधी केला नाही. घरातल्या घरात कशाला हवा कागद?

आता डेन्सियोने घराची जागा पेट्रोलपंपवाल्याला दाखवली होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी पंपवाला इसाराचे पैसे घेऊन येणार होता. लुडी याच घराच्या ओसरीवर तांदळाचे पुतो वाफवून विकत होती. तिच्याकडे दुसरी ओसरी नव्हती आणि दुसरं घरही नव्हतं.

पण कागद होता. तो असल्याचं खुद्द कांदेंगने सांगितलं होतं. जानेवारीत तिचा श्वास अडकू लागला, तेव्हा एका दुपारी तिने लुडीचं मनगट धरलं. म्हणाली, "लुडी, मी लिहून ठेवलंय. नीट ठेवलंय. तुझ्याशिवाय कुणाचा हात जाणार नाही अशा जागी..." आणि लुडीने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. मृत्युपत्राचं बोलणं म्हणजे मरणाला अंगणात बोलावणं, असं गावात सगळे मानायचे, तसं तीही मानत होती. "नानाय, असलं काही बोलू नका. बरं वाटू दे, मग सांगा." कांदेंग हसली, आणि मग तिला खोकला आला. बरं काही वाटलं नाही.

तोच हात आता लुडीला स्वस्थ बसू देत नव्हता. तिने तांदळाचे डबे पालथे घातले होते. वाफेच्या टोपल्या उसवल्या होत्या. चुलीमागची वीट काढून पाहिली होती. रोज सकाळी तिच्या पुतोचे दोन घाणे बसत, त्यांतला आता एक कच्चा आणि एक करपलेला निघत होता. गिऱ्हाइकं काही बोलत नव्हती. सुतकाचं घर म्हणून खाऊन घेत होती.

आणि एकेक वस्तू व्हॅनमध्ये चढत होती. शिलाई मशीन: डेन्सियो. कपाट: डेन्सियो. आरसा: नेनिता. कांदेंगने गेल्या दोन वर्षांत घरातल्या जवळजवळ सगळ्या वस्तूंच्या बुडाला नावं चिकटवून ठेवली होती. लुडी तेव्हा तिला हसायची. "नानाय, कोंबड्यांनाही लावा की!" आता प्रत्येक वस्तू दाराबाहेर पडायच्या आत ती तिला हात लावून घेत होती. न जाणो, हिच्यातच असेल.

मंगळवारी सकाळी उखळावरून भांडण झालं. लाकडी उखळ दोघांनी मिळून पालथं केलं, तर पट्टीवर नाव नेनिताचं. डेन्सियोने नखाने पट्टी थोडी उचकटली. खाली दुसरी पट्टी, तिच्यावर नाव त्याचं.

"आधीचं माझं आहे! आधीचं तेच खरं."

"वरचं तेच खरं," नेनिता म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, सत्तावन्न वर्षांची, पण भावासमोर अजून नऊ वर्षांची व्हायची. "तियाने विचार बदलला. तुझी चाल बघितली असेल."

"तू काय करणार आहेस उखळाचं? फ्लॅटमध्ये राहतेस."

"बसेन त्याच्यावर. तुला काय?"

खरोखरच ती उखळ सरळ करून त्याच्यावर बसली आणि तिथूनच म्हणाली, "लुडी, तुझं नाव कशाखाली निघालं गं?"

"नाही निघालं, आते."

"कशाखालीच नाही? पुतोच्या टोपल्यांखाली?"

"नाही."

तेवढ्यात अमोरने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पांढरं कापड पांघरून संत वेरोनिकाची मूर्ती उभी होती. "आणि हिच्याखाली?"

"संतांच्या पायाखाली कुणी पट्टी लावतं का?" डेन्सियो म्हणाला. "तिचं ठरलंय. मनिलात एक जुन्या वस्तूवाला आहे. डोकं आणि हात अस्सल हस्तिदंती आहेत तिचे. गुड फ्रायडेची मिरवणूक होऊ दे, मग नेईन. तोवर नाही. मी काय देवाला न मानणारा आहे का?"

लुडीला घरात थांबवेना. ती पायांत चपला न घालताच बाहेर पडली आणि तळ्याकाठच्या रस्त्याने माएस्त्रा पिलारकडे गेली.

माएस्त्रा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं होतं. चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग चालायचा तेव्हा एकसष्ट वर्षांच्या कांदेंगलाही त्यांनीच शिकवलं होतं. लुडी आत शिरली तेव्हा त्या वाळवलेल्या मासळीचे काटे काढत होत्या.

"बस."

"बसत नाही. माएस्त्रा, नानायने कागद लिहिलाय का?"

"मला दाखवला नाही. दोन वर्षांपूर्वी विचारायला आली होती, एवढं खरं. मी सांगितलं, टाइप केलास तर साक्षीदार बोलाव, वकील बोलाव, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्यापेक्षा वरपासून खालपर्यंत स्वतःच्या हाताने लिही. तारीख घाल, सही कर. कायद्याला तेवढं पुरतं. मुलंबाळं नसलेल्या बाईला आपलं कुणालाही देता येतं. पण न लिहिता गेलीस तर भाचरं घेणार, आणि लुडी बाहेर. म्हटलं, लिहून मला दाखव. तर म्हणते, माएस्त्रा, तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसाल."

लुडीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"हात बसावा म्हणून त्या चिकटपट्ट्यांवर सराव करत होती," माएस्त्रा म्हणाल्या. "नावं लिहायची, चिकटवायची. रोज दोन-तीन. म्हणाली, पाटीवर लिहिलं की पुसावं लागतं. हे कामाला तरी येईल."

"पण माझं नाव कुठेच नाही."

"जे घराबाहेर जायचं त्यालाच नाव घालतात बाई. घरातच राहायचं त्याला कशाला?"

लुडी दारापर्यंत गेली आणि परत आली. "सापडला, तर पुढे काय?"

"सापडला आणि कुणी खोटा म्हटला, तर तिचं अक्षर ओळखणारी तीन माणसं उभी करावी लागतात. एक मी. लवकर शोध, मला फार दिवस थांबता येणार नाही."

"आणि दोन?"

माएस्त्रा काटा काढता काढता थांबल्या. कांदेंगने उभ्या आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. पोस्टात ती शेवटपर्यंत अंगठाच लावायची, कारण सही करायला लागलं की मागची रांग चुळबुळते, हे तिला आवडायचं नाही.

"ते तू बघ," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. एकटीला सापडला, तर तूच लिहिलास म्हणतील."

बुधवारी दुपारी लुडीने वेरोनिकाच्या खोलीचं दार आतून लावलं. संध्याकाळी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली पहिली मिरवणूक होती. मूर्तीचे कपडे बदलताना खोलीत पुरुष नको, हा जुना रिवाज. कांदेंगच्या घरी तर दुसऱ्या बायकाही नसायच्या. कपडे आधी कांदेंग बदलायची. तिचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे तीस वर्षं, एकटी लुडी.

"माफ करा हं," दर वर्षीसारखं ती मूर्तीला म्हणाली, आणि तिने मूर्तीचा रोजचा झगा उतरवला.

डोकं आणि हात सोडले तर वेरोनिकाला अंग असं नव्हतंच. कमरेपर्यंत साधं लाकूड, आणि खाली पातळ कामट्यांचा गोल पिंजरा, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा. त्याच्यावर घागरा पडला की आतलं काही दिसत नसे. पिंजऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगलेली असे. ती दर वर्षी बदलायची. लुडीने नेहमीसारखा कामट्यांमधून हात आत घातला.

पुरचुंडीच्या वर, कमरेच्या लाकडाला लागून, काहीतरी गुळगुळीत हाताला लागलं. गेल्या वर्षी तिथे काही नव्हतं.

तिने वाकून पाहिलं. मेणकापडात गुंडाळलेली चपटी घडी होती, पांढऱ्या चिकटपट्टीने लाकडाला चिकटवलेली. पट्टीवर निळी शाई. लुडी.

तुझ्याशिवाय कुणाचा हात जाणार नाही अशा जागी. मृत्युपत्र लिहिताना म्हातारीने सगळा विचार केला होता. मात्र लुडीशिवाय कुणाचाच हात जाणार नसेल, तर लुडीशिवाय कुणी खरंही मानणार नाही, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

लुडीची बोटं पट्टीच्या टोकाशी गेली. ओढलं की झालं. उघडून एकदा वाचावं, आहे तसं चिकटवावं. पण पट्टी एकदा निघाली की तशी पुन्हा बसत नाही. तिने हात बाहेर घेतला. खिडकीपाशी गेली, परत आली. समजा, आत तारीखच नसेल. समजा, सही राहिली असेल. समजा, पुतोच्या टोपल्या लुडीला, एवढंच असेल. ती मूर्तीभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी. बाहेर डेन्सियो दोर आवळत होता आणि अमोरला ओरडत होता.

लुडीने जांभळा मखमली घागरा मूर्तीला घातला, पण मागची नाडी सैल सोडली. मग तिने दार उघडलं.

"आते अमोर! आते नेनिता! जरा मदतीला येता? माझा हात भरून आलाय. आणि शेजारच्या पोरीला पाठवून माएस्त्रांना बोलवा. त्या असल्या म्हणजे बरं."

अमोरचा विश्वास बसेना. या घरची सून होऊन तिला बत्तीस वर्षं झाली होती आणि या खोलीत तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. तिने केस विंचरले, हात दोनदा धुतले. माएस्त्रा सायकलरिक्षाने आल्या. त्यांना दाराशी खुर्ची दिली. डेन्सियो मागोमाग येऊ लागला, तर नेनिताने त्याच्या तोंडावर दार लावलं.

"डांबरगोळ्या बदलायच्यात," लुडी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आज तुम्ही बदला, आते अमोर. मागून हात घाला. वर, कमरेपाशी."

अमोरने क्रूसाची खूण केली आणि हात आत घातला. तिचा चेहरा बदलला.

"इथे काहीतरी आहे गं."

"काय आहे?" माएस्त्रांनी विचारलं.

"पुडकं आहे. चिकटवलंय."

"ओढ. सगळ्यांसमोर ओढ."

पट्टी फाटल्याचा आवाज झाला. अमोरने पुडकं बाहेर काढलं आणि नाव वाचून ते लुडीपुढे धरलं. लुडीने हात मागे बांधले. "माएस्त्रांकडे द्या."

माएस्त्रांनी चष्मा पुसला. मेणकापडातून वहीचा एकच कागद निघाला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यांनी आधी शेवटची ओळ पाहिली. लुडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तारीख आहे," माएस्त्रा म्हणाल्या. "गेल्या वर्षीची दोन फेब्रुवारी. तिचा वाढदिवस. सहीही आहे." आणि मग त्या शिकवायच्या आवाजात वाचू लागल्या.

"मी कांदेलारिया, सगळ्यांची कांदेंग. हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे घर आणि जागा लुडीला. ती माझ्या पोटची नाही हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. वेरोनिका याच घरातून निघेल. तिला विकू नये. ज्या वस्तूखाली ज्याचं नाव मी लिहिलं ती त्याची. उखळ नेनिताचं. आधी डेन्सियोचं लिहिलं होतं, पण त्याची बायको पाठीने अधू आहे, तिलाच उचलावं लागेल. डेन्सियो, भांडू नकोस. मला लिहायला फार वेळ लागतो, म्हणून थांबते."

"अगं बाई," अमोर म्हणाली आणि मटकन खाली बसली. "माझ्या पाठीचं लिहिलंय."

"काय चाललंय आत?" डेन्सियोने दारावर थाप मारली.

"कपडे चालू आहेत! थांबा!" तिघी एकदम ओरडल्या.

मूर्तीची नाडी बांधून, डोक्यावर पदर आणि हातात येशूच्या मुखाचे तीन ठसे असलेलं कापड दिल्यावरच दार उघडलं. माएस्त्रांनी कागद डेन्सियोला लांबूनच दाखवला. त्याने वाचलं.

"खोटं आहे. तियाला एवढं लिहायला कुठे येत होतं? हिनेच लिहून आत ठेवलंय."

लुडी एक पाऊल पुढे आली. "कुया, सोमवारी तुम्ही काय म्हणालात? तियाच्या हातचं आहे. कोर्टातसुद्धा चालेल."

"ते... ते नाव होतं नुसतं."

"मग माझ्या उखळावरचं कुणाच्या हातचं?" नेनिता म्हणाली. "लुडीच्या? मग व्हॅनमधलंही लुडीच्याच हातचं असेल. उतरव सगळं, कुया. कपाट उतरव. मशीन उतरव. तियाने तुला काहीच दिलं नाही म्हणायचं."

कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं. डेन्सियोने एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. अक्षर तियाचं म्हणावं तर घर जातं, नाही म्हणावं तर व्हॅन रिकामी होते. तो अंगणात गेला.

इतक्यात रथ ओढणारी माणसं आली. वेरोनिका रथावर चढली, फुलं लागली, दिवे लागले. वेरोनिका निघाली की तिला सजवणारीने तिच्यामागे चालायचं, हा नेम. लुडी चालू लागली. पण मान सारखी मागे वळत होती. कागद माएस्त्रांच्या पिशवीत होता, तो सुरक्षित. पण पट्ट्या? सगळ्या व्हॅनमध्ये, आणि व्हॅन डेन्सियोची. नखाने खरवडल्या की झालं. वस्तू त्याच्या घरी, अक्षर गटारात. एका उखळाच्या पट्टीवर कोर्ट काय ठरवणार? मिरवणूक बाजारातून वळली, शाळेवरून वळली, प्रत्येक थांब्याला प्रार्थना झाली. लुडीचे ओठ हलत होते, पण ती प्रार्थना म्हणत नव्हती, वस्तू मोजत होती. मशीन. कपाट. टेबल. हातातली मेणबत्ती ओघळून बोटांवर आली, तरी तिला कळलं नाही.

परत आली तेव्हा व्हॅन जागेवर होती. मागचं दार सताड उघडं होतं. डेन्सियो कुठेच दिसत नव्हता. नेनिता आपल्या उखळावर बसली होती आणि पायरीवर अमोर, मूठ घट्ट आवळून.

"गेला," अमोर म्हणाली. "बसने गेला. रागावला की बसने जातो, पेट्रोल वाचतं." तिने मूठ उघडली. आत व्हॅनची चावी होती. "पट्ट्या खरवडायला सुरी मागत होता. मी दिली नाही. म्हटलं, वेरोनिकाच्या पोटात पहिला हात माझा गेलाय. मी काढलेलं मीच खोटं म्हणू? कोर्टात विचारलं तर सांगेन मी. दोन दिवस तेच अक्षर वाचून वाचून सामान बांधलंय."

"मीही सांगेन," नेनिता म्हणाली. "उखळासकट."

माएस्त्रांनी खुर्चीतून तीन बोटं वर केली आणि परत मिटली.

रथ ओढणारी माणसं अंगणात उभी होती. त्यांना या घरी जेवू घालायची रीत होती, आणि जेवणाचं टेबल व्हॅनमध्ये होतं. चौघांनी ते उतरवलं. मांडताना लुडी खाली वाकली आणि तिने बोटाने चाचपून पाहिलं. पट्टी होती. डेन्सियोचं नाव तसंच होतं. जेवणं झाली की टेबल परत चढवायचं, त्याचं ते त्याला द्यायचं, हे तिने तिथेच ठरवलं. फक्त आधी पट्टीचा फोटो काढायचा.

तिने सगळ्यांना वाढलं. मग अमोरने तिला दंडाला धरून बसवलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा बसली. पुढ्यात भात होता. दोन घास खाल्ले आणि ती ताडकन उठली.

"आता काय झालं?"

"डांबरगोळ्या! गोळ्या बदलायच्या राहिल्या."

"राहू देत. शुक्रवारी बदल," माएस्त्रा म्हणाल्या. आणि मग तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "लुडी, तुझ्यामागे कोण गं तिचे कपडे करणार? घर कुणाला?"

"ते नंतर बघू, माएस्त्रा. आत्ता कुठे..." लुडी म्हणाली आणि थांबली. तोंडावर कुणीतरी हात ठेवावा तशी थांबली.

अंगणात माणसं जेवत होती. ती आत गेली, गोळ्यांची नवी पुरचुंडी घेऊन आली. दुसऱ्या हातात वहीचा कोरा कागद होता.

"पेन आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं. "निळं."